खनिज शोधातला स्ट्रक्चरल जिऑलॉजिस्ट : काम, शिक्षण, नोकऱ्या

मनसरकर | रविवार, सकाळी 10:20

भूशास्त्र घेऊन पुढे काय, हा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि उत्तरं बहुतेक दोनच असतात: यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्या, नाहीतर भूजलाकडे वळा. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण मी ज्या कामात आहे त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. अनुभवी मंडळींनी भर घालावी, विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने विचारावं.

खनिज शोधात 'इथे काहीतरी आहे' एवढं कळणं तुलनेने सोपं असतं. टेकडीवर काळा दगड उघडा पडलेला दिसतो, मातीच्या नमुन्यात तांबं जास्त येतं, जुन्या लोकांनी खणलेले खड्डे सापडतात. अवघड प्रश्न पुढचा. तो थर किंवा ती शीर जमिनीखाली कोणत्या बाजूला जाते, किती तिरकी जाते, आणि कुठवर? शोधमोहिमेत सगळ्यात जास्त पैसा ड्रिलिंगला लागतो. सलग काही बोअरहोल कोरी निघाली की पैसे देणारे हात आखडता घेतात आणि चांगला साठासुद्धा तसाच पडून राहतो. पुढचं बोअरहोल कुठून, कोणत्या दिशेला, किती अंशात कलतं घ्यायचं हे खडकांच्या रचनेवरून सांगणं, हे स्ट्रक्चरल जिऑलॉजिस्टचं काम. बाकी सगळं त्याच्या तयारीसाठी असतं.

उदाहरण आपल्याच भागातलं घेतो. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा आणि पुढे बालाघाटपर्यंत सुमारे 200 किलोमीटरचा सौसर खडकांचा पट्टा आहे. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, भरवेली या मँगनीजच्या खाणी त्यातल्याच. मँगनीज मुळात समुद्राच्या तळाशी गाळाबरोबर थरांत साचलं. नंतर तो सगळा गाळ जमिनीत खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दुमडला गेला. म्हणजे आज खाणीत दिसणारा थर हा सरळ पसरलेला थर नाही, घड्या पडलेला थर आहे.

घडीच्या पोळीत सुई खुपसली तर ती एकाच पोळीतून अनेकदा आरपार जाते. बोअरहोलचं तसंच होतं. वरून खाली जाताना तीन ठिकाणी मँगनीज लागलं, तर ते तीन वेगळे थर आहेत की एकच थर घडी होऊन तीनदा आला? सौसरमध्ये हा प्रश्न आणखी किचकट होतो, कारण इथे मँगनीजच्या खरोखरच वेगवेगळ्या पातळ्या आहेत: मनसर शैलसमूहाच्या तळाशी, मध्ये आणि माथ्याशी. उत्तर चुकलं तर साठ्याचा अंदाज चुकतो आणि खाणीचा आराखडाही चुकतो.

शिवाय दुमडताना थराची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. घडीच्या दोन्ही बाजू ताणल्या जाऊन पातळ होतात आणि माल वळणापाशी गोळा होतो. म्हणून वळण जमिनीखाली कोणत्या दिशेला कलत गेलंय, ज्याला आम्ही प्लंज म्हणतो, ते कळलं की जाड माल कुठे मिळेल तेही कळतं. पृष्ठभागावर खाण संपल्यासारखी वाटते आणि माल प्लंजच्या दिशेने खाली चालतच असतो.

हे ओळखायचं कसं? मोठी घडी अख्खी कधीच डोळ्यांना दिसत नाही. तिची एक बाजू या टेकडीवर असते, दुसरी शेताखाली. पण तिच्या अंगावर हाताएवढ्या, बोटाएवढ्या घड्या असतात आणि त्या मोठ्या घडीच्याच शिस्तीत पडलेल्या असतात. प्लंजच्या दिशेने तोंड करून पाहिलं तर एका बाजूवर त्या झेड आकाराच्या दिसतात, दुसऱ्या बाजूवर एस आकाराच्या, आणि वळणापाशी एम आकाराच्या. चालत चालत झेड संपून एम सुरू झाले की मोठं वळण पायाखाली आहे असं समजायचं. पंपेली नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे 1894 मध्ये मांडलं. मी आजही फील्डवर गेल्यावर पहिल्यांदा हेच बघतो.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. नागपूर-जबलपूर रस्त्यावरचं देवलापार जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 मध्ये तिथल्या खडकांचा अभ्यास मांडला आणि असं सांगितलं की तिथला एक अख्खा खडकांचा पापुद्रा मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या खडकांवर येऊन बसला आहे. आल्प्समध्ये अशा रचनांना नॅप म्हणतात, म्हणून हा देवलापार नॅप. नंतरच्या अभ्यासकांनी तिथे पुन्हा मोजमाप केलं, वेगळी मतंही मांडली. वेस्ट पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर सागर विद्यापीठात त्यांनी भूशास्त्राच्या कित्येक पिढ्या घडवल्या. नागपूरहून एवढ्या जवळ असलेली ही जागा आपल्या मुलांनी पाहिलेली नसते याचं मला फार वाईट वाटतं.

---

निळू_भंडारा | रविवार, दुपारी 1:05

दादा, लेख खूप आवडला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, भूशास्त्र घेऊन. चिखला आमच्या मामाच्या गावापासून जवळ आहे, पण खाणीचं फाटक सोडून आत कधी गेलो नाही. घरी म्हणतात बी.एड. कर, शिक्षक हो. मला फील्डचं काम आवडतं. माझे प्रश्न:

स्टिरिओनेट, म्हणजे थरांची दिशा आणि कल मांडायची ती गोल जाळी, मला अजिबात समजत नाही. परीक्षेपुरतं पाठ केलं. ते जमलं नाही तर या क्षेत्रात येऊ नये का?

एम.एस्सी. कुठून करावी? आणि नोकरी खरंच मिळते का?

---

गारगोटी | रविवार, दुपारी 3:40

निळू, मी पुण्यात बरीच वर्षं भूशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. स्टिरिओनेट समजत नाही म्हणणारे विद्यार्थी दरवर्षी असायचे, आणि त्यांतले बरेचसे फील्डवर गेल्यावर आपोआप सुधारायचे. अडचण अशी की आपण ते कागदावर आधी शिकवतो आणि खडकावर नंतर. असं करून बघ.

एक अर्धगोल वाडगा डोळ्यांसमोर आण. तिरका थर त्या वाडग्याला जिथे कापतो तिथे एक कंस उमटतो. त्याच थराला काटकोनात एक काठी रोवली तर ती वाडग्याला एका बिंदूत टेकते. कंसाऐवजी तो बिंदू वापरायचा, कारण पन्नास कंस एकावर एक काढले तर काहीच दिसत नाही, पन्नास बिंदू मात्र स्वच्छ दिसतात. आता दुमडलेल्या थरावर निरनिराळ्या ठिकाणी मोजमाप घेऊन सगळे बिंदू मांड. ते विखुरणार नाहीत, एका मोठ्या कंसावर रांगेत येतील. त्या कंसाला काटकोनात जो बिंदू येतो तो घडीचा अक्ष. मनसरकरांनी लिहिलेला प्लंज तो हाच. ट्रेसिंग पेपर, टाचणी आणि छापील जाळी घेऊन हाताने दहा-वीस वेळा कर. संगणकावर मोफत प्रोग्रॅम आहेत, ते नंतर.

पुण्याच्या आणि एकूणच पश्चिम महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यांची अडचण निराळी आहे. राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टने झाकलेला. आडवे थर, डाइक, भेगा, लाव्हाचे प्रकार हे सगळं शिकायला सह्याद्रीसारखी जागा नाही, पण दुमडलेला खडक बघायला गाडी काढावी लागते. आम्ही मुलांना राजस्थानात नेत असू, कर्नाटकात कलादगीच्या खडकांवर नेत असू. तू भंडाऱ्यात राहतोस. तुझ्याकडे पूर्वेला साकोलीचे खडक, उत्तरेला सौसर. याची किंमत ओळख.

एम.एस्सी.साठी जॅम, म्हणजे आयआयटींची प्रवेश परीक्षा, दे. आयआयटी मुंबईत अप्लाइड जिऑलॉजी आहे, खरगपूर आहे, धनबाद आहे. जॅम नाही जमली तर नागपूर विद्यापीठाचा विभाग तुझ्या घराजवळ आहे आणि शहरात जी कार्यालयं आहेत ती देशात इतरत्र एका जागी नाहीत: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं मुख्यालय, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, एमईसीएल (सरकारी खनिज शोध कंपनी), मॉइल (सरकारी मँगनीज कंपनी), वेस्टर्न कोलफिल्ड्स. तिथे उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करत राहायचं. शिक्षकी पेशाबद्दल वाईट बोलणार नाही, मी जन्मभर तेच केलं. पण तुला फील्ड आवडत असेल तर घरच्यांना एकदा एखाद्या भूवैज्ञानिकाशी बोलू दे.

---

पर्थकर | रविवार, संध्याकाळी 5:15

छान धागा. मी मूळचा अमरावतीचा, सध्या पश्चिम ऑस्ट्रेलियात सोन्याच्या शोधात काम करतो. मनसरकरांनी पृष्ठभागावरचं सांगितलं, मी जमिनीखालचं सांगतो, कारण इथे उघडा खडक फार कमी दिसतो. वर लाल माती आणि झिजलेल्या खडकाचा जाड थर, त्यामुळे जे काही कळतं ते कोअरमधून.

कोअर म्हणजे हिऱ्याच्या बिटने कापून काढलेला खडकाचा लांब दंडगोल. एचक्यू मापाचा असेल तर व्यास 63.5 मिलिमीटर, एनक्यू असेल तर 47.6. हा दंडगोल नळीत वर येताना फिरतो. म्हणून त्यात दिसणारी शीर कोअरच्या अक्षाशी किती अंशाचा कोन करते हे मोजता येतं, पण ती जमिनीत कुठल्या दिशेला कललेली होती हे हरवलेलं असतं. फक्त तो एक कोन, ज्याला अल्फा म्हणतात, हातात असेल तर उत्तरं असंख्य निघतात. शीर पूर्वेला कललेली असेल किंवा पश्चिमेलाही.

यावर उपाय म्हणजे ओरिएंटेड कोअर. ड्रिलच्या नळीत एक उपकरण बसवतात, ते प्रत्येक धाव, म्हणजे एका वेळी कापलेला कोअरचा तुकडा, संपताना खडकाची खालची बाजू कोणती हे नोंदवतं. कोअर बाहेर काढल्यावर त्या खुणेवरून कोअरभर एक रेघ ओढायची. मग त्या रेघेपासून शिरेच्या टोकापर्यंत गोलाकार कोन मोजायचा, तो बीटा. अल्फा, बीटा आणि बोअरहोलची त्या खोलीवरची दिशा व कल, एवढं मिळालं की शीर जमिनीत जशी होती तशी परत उभी करता येते. खडकात मॅग्नेटाइट जास्त असेल तर चुंबकीय होकायंत्र बोअरहोलची दिशाच चुकीची दाखवतं, तेव्हा चुंबकावर न चालणारं जायरो उपकरण वापरतात.

हे शिकायला एक आठवडा पुरतो. पण रेघ विश्वासार्ह आहे का हे ओळखायला वर्षं लागतात. लागोपाठच्या दोन धावांच्या रेघा जुळत नसतील तर ती मोजमापं बाजूला ठेवायची धमक हवी. वाईट मोजमापांचा सुंदर त्रिमितीय नकाशा संगणकावर फार लवकर तयार होतो आणि मग त्याच्यावर सगळेजण विश्वास ठेवतात. माझ्या मते आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी जबाबदारी हीच.

वाचणाऱ्यांनी बेंडिगोबद्दल जरूर शोधावं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 1851 च्या सुमारास तिथे सोन्यासाठी लोकांची झुंबड उडाली, आणि खाली खणताना लक्षात आलं की सोन्याच्या गारेचे साठे घड्यांच्या माथ्यावर खोगीरासारखे बसलेत, आणि एकाखाली एक. एक संपला की त्याच वळणाच्या रेषेत आणखी खाली पुढचा. त्या खाणकामगारांनी खडकाची रचना वाचूनच शाफ्ट खोल नेले.

नोकरीचं खरं सांगतो. इथे दोन आठवडे साइटवर आणि एक आठवडा घरी असं चक्र सर्रास असतं. पगार चांगला. पण धंदा भावाच्या चढ-उतारावर चालतो. 2013 मध्ये सोनं कोसळलं तेव्हा शोध विभाग आधी बंद झाले, खाणी नंतर. मी ज्या छोट्या कंपनीत होतो तिथली अख्खी टीम एका सकाळी घरी गेली. त्यामुळे या क्षेत्रात येणाऱ्याने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवण्याची सवय पहिल्या पगारापासून लावावी.

---

कोअरशेड | रविवार, रात्री 8:50

मी जिऑलॉजिस्ट नाई, डिरिलवर काम करतो. कामठीचा. बालाघाट, रायचूर, राजस्थान सगळीकडे मशीन घेऊन फिरलो. पर्थवाल्या भाऊनं लिवलं ते खरं हाय, पण एक गोष्ट आमच्या बाजूनं सांगतो.

शिकलेले पोरं साइटवर येतात तं कोअर बॉक्स भरल्यावर पाहतात. अरे, कोअर नळीतून काढताना तिथं उभं राहा ना. कुठं पाणी परत येणं बंद झालं, कुठं मशीन एकदम भसकन खाली गेली, कुठं चिकट काळी माती निघाली, हे बॉक्समध्ये दिसत नाई. जिथं खडक चुराडा होऊन निघतो तिथंच बहुतेक तुमचा फॉल्ट, म्हंजे खडक सरकलेली भेग, असते, अन तिथंच कोअर हरवते. ऑपरेटरले विचारा, त्याले मालूम असते. जो जिऑलॉजिस्ट रात्रीच्या शिफ्टले एकदा येऊन बसते ना, त्याच्यासाठी आमचे पोरं रेघ बराबर मारतात.

---

मनसरकर | रविवार, रात्री 9:30

कोअरशेड भाऊ, तुमचा प्रतिसाद मी आमच्या नव्या मुलांना वाचून दाखवणार आहे. हरवलेला कोअर म्हणजे हरवलेली माहिती नव्हे, तो कुठे हरवला हीच माहिती, हे मला ड्रिलरनीच शिकवलं.

निळू, नोकऱ्यांबद्दल. सरकारी वाट म्हणजे यूपीएससीची कम्बाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गट 'अ' पद. सातव्या वेतन आयोगातल्या लेव्हल 10 प्रमाणे मूळ वेतन 56,100 पासून. त्याहून मोठा फायदा असा की रुजू झाल्यावर हैदराबादच्या प्रशिक्षण संस्थेतून तुला राजस्थानातल्या जावर आणि कर्नाटकातल्या चित्रदुर्गसारख्या ठिकाणी नकाशे करायला पाठवतात. एवढं शिस्तीचं फील्ड प्रशिक्षण खासगीत कुणी देत नाही. या परीक्षेसाठी मास्टर्स लागतं.

दुसरी वाट सार्वजनिक कंपन्या: एमईसीएल, मॉइल, हिंदुस्तान कॉपर, जादूगोड्याची युरेनियम कॉर्पोरेशन, कर्नाटकातली हट्टीची सोन्याची खाण कंपनी. हट्टीला संधी मिळाली तर एकदा भूमिगत जाऊन ये. रायचूर जिल्ह्यात जवळपास उभ्या, एकमेकींना समांतर सोन्याच्या शिरा आहेत, आणि शिअर झोन, म्हणजे खडक एकमेकांवरून घासत ताणले गेलेला पट्टा, कसा असतो हे तिथे भिंतीवर लिहिल्यासारखं दिसतं. कोलार 28 फेब्रुवारी 2001 ला बंद झालं, 3 किलोमीटरहून खोल गेलेली ती खाण आता बघता येत नाही.

तिसरी खासगी. 2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन खाणपट्टे लिलावाने जाऊ लागले. त्यानंतर काही वर्षं शोधकामात खासगी पैसा फारसा आला नाही, कारण शोधणाऱ्याला पुढे खाण मिळेलच याची खात्री उरली नव्हती. 2023 च्या दुरुस्तीने सोनं, तांबं, लिथियम, निकेल अशा 29 खनिजांसाठी एक्सप्लोरेशन लायसन्स आलं. शिवाय सरकारने मान्यता दिलेल्या खासगी शोधसंस्था आता राष्ट्रीय खनिज शोध न्यासाच्या (आता राष्ट्रीय खनिज शोध आणि विकास न्यास) पैशावर प्रकल्प करतात. माझ्या ओळखीतली बरीच तरुण मुलं सध्या याच संस्थांमध्ये लागली आहेत. पगार सुरुवातीला बेताचा, पण पहिल्या वर्षापासून हातात हातोडी आणि कोअर.

एक मात्र स्पष्ट सांगतो. भारतात 'स्ट्रक्चरल जिऑलॉजिस्ट' अशी जाहिरात क्वचित निघते. तू आधी एक्सप्लोरेशन जिऑलॉजिस्ट म्हणून लागशील: नमुने, लॉगिंग (कोअर बघून नोंदी करणं), अहवाल. त्यात जो माणूस चिकाटीने मोजतो आणि छेद काढतो, त्याच्याकडे हळूहळू 'बघ जरा हे कसं वळतंय' म्हणून लोक येऊ लागतात.

---

अश्विनी_उदयपूर | सोमवार, सकाळी 7:45

मी नाशिकची, गेली काही वर्षं राजस्थानात शिसं-जस्ताच्या खाणपट्ट्यात आहे. मुली हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते.

1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाला बंदी होती. जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दार उघडलं: सकाळी 6 ते संध्याकाळी 7, आणि लेखी संमतीने. हे लहान वाटेल, पण स्ट्रक्चरल कामात त्याने सगळं बदललं. शीर कुठे वळते हे खाणीच्या भिंतीवर दिसतं. त्याआधी आमच्या मोठ्या ताया नकाशे पुरुष सहकाऱ्यांच्या मोजमापांवरून काढायच्या, स्वतः न बघता.

पहिल्यांदा बोगद्यात जाऊन मी एका फॉल्टवरच्या घासल्याच्या रेघा स्वतः मोजल्या. कुठली बाजू वर सरकली हे त्या रेघांच्या पायऱ्यांवर हात फिरवून कळतं. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलट दिशेने अडतो. फोटोवरून ते ठरवता येत नाही.

अडचणीही सांगते. दूरच्या शोध कॅम्पवर स्वच्छतागृह नाही म्हणून मुलीला कॅम्पवर पाठवायचंच नाही, असा निर्णय आजही घेतला जातो आणि तिच्या नावापुढे फील्डचा अनुभव कमी दिसतो. मुलाखतीत स्पष्ट विचारा: फील्डवर पाठवणार का, राहण्याची सोय काय, गाडी कोणाच्या ताब्यात. हे विचारलं म्हणून कुणी नाकारलं, तर तिथे न गेलेलंच बरं.

जावरला आलात तर जुन्या मातीच्या मुशींचे ढीग बघा. जस्त उकळून त्याची वाफ धरणारे लोक इथे कित्येक शतकांपूर्वी होते, आणि त्यांचे जुने बोगदे खनिज असलेल्या डोलोमाइटचाच माग काढत आत गेलेले आहेत.

---

रानवाटा | सोमवार, सकाळी 11:10

चर्चा छान चालली आहे, पण मला एक विचारायचं आहे आणि ते टाळू नये ही विनंती. मी गडचिरोलीत शिक्षणाचं काम करते. आमच्याकडे गावात अनोळखी माणूस होकायंत्र आणि हातोडी घेऊन आला की बायका धास्तावतात. त्यांना ठाऊक असतं की आज मोजणारा आला, उद्या मशीन येईल, परवा रस्ता, आणि मग जंगल जाईल. तुम्ही म्हणाल आमचं काम फक्त मोजणं. पण तुमच्या मोजण्यावरच तर पुढचं सगळं उभं राहतं ना?

---

मनसरकर | सोमवार, दुपारी 2:25

रानवाटा ताई, प्रश्न रास्त आहे. 'आम्ही फक्त मोजतो' असं मी म्हणणार नाही.

मला जे पटलंय ते सांगतो. शोध घेतलेल्या जागांपैकी फार थोड्या ठिकाणी खाण होते. पण गावाला ते कुणी सांगत नाही, आणि अनिश्चितता वर्षानुवर्षं राहते. म्हणून पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन कोण आलोय, कुणाच्या परवानगीने, काय करणार, किती दिवस, हे मराठीत किंवा गोंडीत सांगणं हे भूवैज्ञानिकाचं काम आहे. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायदा आहे, वनहक्क कायदा आहे, ग्रामसभेला अधिकार आहेत. त्या ग्रामसभेसमोर साठ्याबद्दल जे माहीत आहे ते आणि जे माहीत नाही तेही बोलायची तयारी हवी.

आणि एक अगदी हातातली गोष्ट: काम संपल्यावर बोअरहोल बुजवणं. मी रानात उघडी पडलेली जुनी भोकं पाहिली आहेत. त्यात जनावराचा पाय अडकतो, वरचं घाण पाणी थेट खालच्या पाण्यात उतरतं. सिमेंटने बुजवून, टोपी घालून, नकाशावर नोंद करूनच साइट सोडायची. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे झाल्याशिवाय अहवाल लिहू देत नाही.

खाण व्हावी की नाही याचा निर्णय माझा नाही आणि तो माझा नसावाच. पण रचना नीट वाचली तर कमी बोअरहोल लागतात, कमी रस्ते कापावे लागतात, आणि साठा नसेल तर ते लवकर कळून माणसं निघून जातात. हेही नीट मोजण्यातूनच होतं.

---

रानवाटा | सोमवार, दुपारी 4:00

उत्तराबद्दल आभार. माझं समाधान पूर्ण झालं नाही, पण बोअरहोल बुजवण्याची गोष्ट मी आमच्या ग्रामसभेत सांगेन. आमच्या शिवारात अशी दोन भोकं आहेत.

---

मनसरकर | सोमवार, दुपारी 4:20

त्यांची जागा आणि शक्य असेल तर फोटो मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. केसिंगवर, म्हणजे भोकाच्या तोंडाशी बसवलेल्या नळीवर, क्रमांक कोरलेला असेल तर कोणत्या संस्थेचं आहे ते कळेल आणि लेखी अर्ज कुठे करायचा तेही सांगता येईल.

---

सह्यकडा | सोमवार, रात्री 9:05

मी संगणक क्षेत्रातला. उपग्रहाची चित्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे हे काम लवकरच संपेल असं वाटत नाही का?

---

पर्थकर | सोमवार, रात्री 10:30

सह्यकडा, आम्ही ती साधनं रोज वापरतो. कोअरच्या फोटोवरून भेगा मोजणारे प्रोग्रॅम आहेत, बोअरहोलच्या आत उतरवून भिंतीचं चित्र काढणारे कॅमेरे आणि ध्वनिलहरींची उपकरणं आहेत. मोजमापं पूर्वीच्या कितीतरी पट मिळतात. पण चार वेळा दुमडलेल्या खडकात कोणती घडी आधीची आणि कोणती नंतरची, खनिज कोणत्या वेळी आलं, हे ठरवायला एका भेगेने दुसरीला कापलेलं डोळ्यांनी पाहावं लागतं.

आणि सहीचा मुद्दा आहे. 1997 मध्ये इंडोनेशियातल्या बुसांगचं ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीचं प्रकरण उघड झालं, नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं होतं. त्यानंतर कॅनडाने अहवालांचे नियम कडक केले. ऑस्ट्रेलियात साठ्यांच्या अहवालांसाठीची जॉर्क संहिता 1989 पासून आहेच. तिच्याखाली साठा जाहीर करायचा तर त्या प्रकारच्या साठ्यात किमान 5 वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने स्वतःच्या नावाने जबाबदारी घ्यावी लागते. ती जबाबदारी प्रोग्रॅमवर टाकता येत नाही.

---

निळू_भंडारा | मंगळवार, सकाळी 8:15

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. ते बी.एड.बद्दल काही बोलले नाहीत, पण अश्विनी ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला, माझी धाकटी बहीण बारावीला आहे म्हणून.

दादा, मला या रविवारी मनसर-देवलापार बाजूला जायचंय. कॉलेजचं क्लिनोमीटर (कल मोजायचं उपकरण) मिळेल. काय बघू? काय नेऊ?

---

मनसरकर | मंगळवार, सकाळी 9:00

एकटा जाऊ नकोस, वर्गातला कुणीतरी सोबत घे. खाणीच्या कुंपणाच्या आत परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि देवलापारच्या पुढे पेंचचं जंगल लागतं, तिथेही नाही. रस्त्याच्या कडेला कापलेला खडक आणि नाल्यांचे तळ एवढंच तुला पुष्कळ आहे. महामार्गावर गाड्या वेगात असतात, खडकाकडे बघताना पाठ रस्त्याकडे करू नकोस.

निघायच्या आधी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून त्या भागाचा नकाशा उतरवून घे, मोफत आहे. पाणी, टोपी, हातभिंग, वही, पेन्सिल. वहीत प्रत्येक ठिकाणी आधी चित्र काढायचं, मग मोजायचं. खडकात दोन प्रकारचे पट्टे दिसतील: एक मूळ थर, रंग आणि कण बदलतात तो, आणि दुसरा अभ्रकाच्या पानांनी केलेला, ज्याच्यावर खडक फुटतो. दोन्ही वेगळे मोज, एकाच रकान्यात लिहू नकोस. ते एकमेकांना जिथे कापतात ती रेघ सापडली तर तिची दिशा आणि कल नक्की मोज, कारण बहुतेक वेळा ती घडीच्या अक्षाला समांतर असते. गुलाबी-तपकिरी गार्नेटचा आणि गारेचा जड खडक दिसला तर तो गोंडाइट असण्याची शक्यता आहे, भूवैज्ञानिक फर्मोर यांनी 1909 मध्ये गोंड लोकांवरून ते नाव दिलं. हातोडी मारण्याआधी त्याच्या ताज्या तुटलेल्या बाजूकडे भिंगातून बघ.

घाई करून दहा ठिकाणं करण्यापेक्षा तीनच कर. पंचवीसेक रीडिंग झाली की परत ये आणि इथे टाक. गारगोटी सर आहेत, पर्थकर आहेत, मी आहे, सगळे मिळून स्टिरिओनेटवर मांडू.